नानांच्या डोंगीची गाडी

आमच्या धंद्यात ‘कमी करा’ असं कुणी म्हणत नाही. शेतकरी येतो, तयार ट्रॉलीच्या चाकावर एक लाथ मारून बघतो आणि म्हणतो, सलीमभाई, अजून एक पट्टी मारा. पट्टी मारली की म्हणतो, खालून एक चॅनल टाका. सोनगीरजवळच्याच एका पाटलांनी आमच्याकडून इतकी रुंद ट्रॉली करून घेतली की ती त्यांच्या वाड्याच्या फाटकातून आत जाईना. आम्ही म्हटलं, दोन्ही बाजूंनी थोडी कापून देतो. त्यांनी ट्रॉली कापू दिली नाही, फाटकाची भिंत पाडली.

मी या दुकानाच्या मालकाची, सलीमभाईंची बायको. लोक मला भाभी म्हणतात. जमीला हे नाव पुष्कळांना माहीतही नसेल. चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले. घरात आम्ही हिंदी बोलतो, गिऱ्हाइकांशी अहिराणी, आणि लिहायला येतं ते फक्त शाळेतलं मराठी. आता दुकान पुतण्या बघतो, दुपारी मला काम नसतं, म्हणून लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही.

आमचं दुकान हायवेच्या कडेला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायच्या, मोडलेल्या दुरुस्त करायच्या, कधी एखाद्या ट्रकचा फाळका, कधी कुणाच्या दाराची जाळी. लोखंडाचे दोन तुकडे जोडायचे तर एकाला ते धरावे लागतात. लग्नानंतर ते धरायचं काम माझ्याकडे आलं. पुढे सलीमभाईंचे डोळे दुखायला लागले, तेव्हा मी हळूहळू वेल्डिंगचा रॉड हातात घेतला. मला माणसांशी बोलायची फार लाज वाटते. पण वेल्डिंग करताना तोंडासमोर काळी काच धरावी लागते. काचेमागे गेलं की कुणी आपल्याला विचारत नाही, आपणही कुणाकडे बघत नाही, फक्त एक ठिणगी दिसते. मला वाटतं, मी हा धंदा त्या काचेसाठीच शिकले. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम सलीमभाईंचं. त्यांना ते फार आवडतं. एका चहात ते माणसाच्या तीन पिढ्या विचारून घेतात.

एका उन्हाळ्यात हायवेवरून एक मोठी मोटरबोट चालली होती, नर्मदेकडे कुठेतरी. ती ज्या गाडीवर ठेवली होती ती आमच्या दुकानापासून थोड्या अंतरावर मोडली. एक्सल तुटली, चाक आडवं झालं. आम्ही अशी गाडी पहिल्यांदा बघितली. ट्रॉलीला असतो तसा तळ तिला नव्हताच. लांबच लांब सांगाडा, वर रबराची वळकटी लावलेले दोन लाकडी पाट, मागे रूळ, आणि पुढे विहिरीच्या रहाटासारखी एक हाताची चरखी. चरखीला दोरी बांधून बोट पाण्यातून गाडीवर ओढून घ्यायची. सगळ्या लोखंडाला जस्ताचा मुलामा, गंजाचा एक ठिपका नाही. बोटीच्या मालकाने दुसरी गाडी मागवली, क्रेनने बोट तिच्यावर चढवली, आणि मोडकी गाडी आमच्याकडे टाकून गेला. म्हणाला, परत येताना बघू. तो परत दुसऱ्या रस्त्याने गेला असावा. वर्षभराने त्याने फोनवर सांगून टाकलं की ती आता तुमचीच.

सलीमभाईंचा त्या गाडीवर जीव जडला. येणाऱ्या प्रत्येकाला ते तिचा मुलामा दाखवायचे, चरखी फिरवून दाखवायचे. गिऱ्हाईक विचारायचं, पण हिचं करायचं काय? खानदेशात बोट कोण ओढून नेणार? ती मागच्या अंगणात पडून राहिली. मी तिच्यावर पापड वाळत घालायचे.

मग दगडू नाना आले.

दगडू नाना म्हणजे आमच्या पलीकडच्या धरणावरचे भोई. सत्तरीचे, अंगाने काटकुळे. त्यांची बायको वच्छलाअक्का बाजाराच्या दिवशी सोनगीरला मासे विकायला बसायची, तिच्याकडूनच मी घ्यायचे. नाना दुकानात सहसा येत नसत. त्या दिवशी आले आणि थेट मागे जाऊन त्या गाडीभोवती फिरले. पापड होते, म्हणून मी तिथेच होते.

त्यांनी विचारलं, “भाभी, हाई गाडी कोनी शे?”

मी नुसती दुकानाकडे मान केली. मग सलीमभाईंनी त्यांना बसवून चहा दिला आणि सगळं काढून घेतलं.

नानांकडे फायबरची एक छोटी डोंगी होती. दोन माणसं आणि जाळं बसेल एवढी, सपाट बुडाची. इतकी वर्षं ती नाना आणि त्यांचा धाकटा भाऊ असे दोघे मिळून चालवायचे. एक टोक एकाने, दुसरं टोक दुसऱ्याने धरायचं आणि पाण्यात सोडायची. संध्याकाळी तशीच उचलून घरापर्यंत आणायची. काठावर ठेवता येत नव्हती. संध्याकाळचा वारा तिला दगडांवर आपटायचा, आणि धरणावर दारू प्यायला येणारी पोरं ती पाण्यात नेऊन कुठेही सोडून द्यायची. शिवाय काठ तरी कुठे एका जागी असतो? कालव्याला पाणी सुटलं की धरण मागे सरकतं. दिवाळीत पाणी घरापाशी असतं, उन्हाळ्यात ते अर्ध्या कोसावर जातं आणि मध्ये नुसता काळा गाळ.

तो भाऊ त्या हिवाळ्यात वारला होता. नाना आणि अक्का डोंगी ओढत नेत होते. ओढून ओढून तिचं बूड दगडांनी फाटत होतं. नानांनी दोनदा ठिगळं लावली होती.

नाना म्हणाले, “मन्हा भाऊ गया. आते दुसरा टोकले कोन धरी?”

त्यांचा मुलगा रमेश सुरतला कापडाच्या कारखान्यात होता. तो वाईट नव्हता, हे मी आधीच सांगते. आईबापाची काळजी होती म्हणूनच तो म्हणत होता की आता पुरे. आखाजीला येतो, डोंगी विकतो आणि तुम्हा दोघांना घेऊन जातो. तिथे एक खोली आहे, पंखा आहे, दवाखाना जवळ आहे. नानांनी त्याला अजून हो किंवा नाही काही सांगितलं नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून दोन महिने होते.

अक्काचं म्हणणं मला बाजारात कळलं. माझ्यासाठी मासे निवडता निवडता ती म्हणाली, “माले सुरत नको व माय. तठे पानी नळमाच येस.”

सलीमभाईंना काम मिळालं याचा इतका आनंद झाला की त्यांनी दुसरं सगळं बाजूला ठेवलं. त्यांच्या त्या गाडीला शेवटी पाणी बघायला मिळणार होतं. पण गाडी होती मोठ्या, पोटाला टोकदार असलेल्या बोटीची. पाट एकमेकांपासून लांब होते, नानांची डोंगी त्यांच्या मधून खाली पडली असती. सलीमभाईंनी पाटांवर आडवे अँगल टाकले, त्यांच्यावर फळ्या टाकल्या. तुटलेल्या एक्सलच्या जागी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची एक्सल घातली, कारण आमच्याकडे तीच होती आणि ती कधी तुटत नाही. एक्सल जाड म्हणून खाली चॅनल आलं. चॅनल आलं म्हणून पट्ट्या आल्या. डोंगी हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना कठडे आले. मी वेल्डिंग करत होते, ते सांगत होते आणि मी जोडत होते. जस्ताचा मुलामा जाळला तर पांढरा धूर येतो आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, म्हणून आधी ग्राइंडरने मुलामा घासून काढायचा आणि मग रॉड लावायचा. तरी ताप आलाच. आमच्याकडे त्याच्यावर गूळ खातात. मी गूळ खात होते आणि एकेक पट्टी मारत होते. चुकतंय असं मला कुठेच वाटलं नाही. इतकी मजबूत गाडी आम्ही आधी केली नव्हती.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. माल आवळून बांधल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर सोडायची नाही. ऊस असो, सिमेंट असो. बांधायचं काम सलीमभाई स्वतः करतात. डोंगीही त्यांनी तशीच बांधली, पुढून, मागून आणि मधून. नानांच्या शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने गाडी धरणावर नेली. आम्ही दोघेही गेलो. गावातली बरीच माणसं काठावर येऊन उभी होती.

ट्रॅक्टरवाल्याने गाडी उतारापर्यंत नेली आणि हुक काढला, कारण नानांकडे काही रोज ट्रॅक्टर असणार नव्हता. पुढे हातांनीच जायचं होतं. नाना आणि अक्का गाडीच्या पुढच्या, ओढायच्या दांड्याला लागले. गाडी हलेना. मग दोघं-तिघं मागून लागले, आणि ती हलली ती थांबेचना. उतारावर ती स्वतःच्या वजनाने निघाली, नाना दांडा सोडून बाजूला झाले, आणि ती डोंगीसकट पाण्यात गेली आणि गाळात बसली. चाकं दिसेनाशी झाली. डोंगी तरंगायला बघत होती, पण ती गाडीला बांधलेली होती. दोर भिजून इतके आवळले होते की गाठ सुटेना. डोंगीचं मागचं टोक वर उचललेलं, पुढचं पाण्याखाली, आणि आत पाणी शिरत होतं.

काठावरून कुणीतरी विचारलं की सलीमभाई, डोंगी पाण्यात जाते का पाणी डोंगीत जातं? दुसरा म्हणाला, ऊस भरायची ट्रॉली शे ती, तिले मासा काय माहीत. सगळे हसले. नानाही हसले, ते मला बघवलं नाही.

शेवटी कोयत्याने दोर कापले आणि ट्रॅक्टरने गाडी बाहेर काढली. वच्छलाअक्का गाळाने माखलेली तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “हाई गाडी शे का हत्ती शे?”

परत येताना सलीमभाई म्हणाले की उतार चुकीचा निवडला, चाकं अजून रुंद पाहिजेत, आणि मागे एक ब्रेक बसवू. म्हणजे अजून जोडायचं. मी ऐकत होते आणि मला अक्काचे हात दिसत होते. दांडा उचलताना तिच्या कोपरापाशी शिरा फुगल्या होत्या आणि दांडा जमिनीवरून हललाही नव्हता. आम्ही दोघांनी इतके दिवस डोंगीचं माप घेतलं, गाडीचं घेतलं. ओढणाऱ्याचं घेतलंच नव्हतं. आमच्या ट्रॉलीला ओढणारा नेहमी ट्रॅक्टर असतो. त्याला कधी कुणी विचारत नाही, जड होतंय का.

घरी भाकऱ्या झाल्यावर मी त्यांना म्हटलं, “गाडी कापावी लागेल.”

ते म्हणाले, किती?

“निम्मी. कमीच, निम्म्याहून.”

त्यांनी जेवण थांबवलं. असं लोखंड परत मिळणार नाही, म्हणाले. असा मुलामा आपल्या भागात कुणी करत नाही. कापलं की ते भंगार झालं. त्यांचं खरं होतं. लोखंड जोडलेलं काढता येतं, कापलेलं वाढत नाही. आणि ती गाडी त्यांना किती आवडायची ते मला माहीत होतं. मला त्यांच्याशी वाद घालता येत नाही, आवाजच फुटत नाही. तरी त्या दिवशी मी म्हटलं, “नानांना ट्रॉली नकोय. दुसरं टोक धरणारं माणूस पाहिजे. माणूस इतका जड नसतो.”

ते ताटावरून उठले. सकाळी उठून त्यांनीच कटरची वायर सोडली आणि माझ्या हातात दिली. स्वतः मात्र त्या दिवशी धुळ्याला सामान आणायला निघून गेले. कोणतं सामान, ते सांगितलं नाही.

मी आधी आमचंच काम उतरवलं. पट्ट्या, चॅनल, कठडे, ट्रॉलीची एक्सल. मग मूळ सांगाड्याला हात घातला. मागचा भाग कापला, मधला कापला, दोन्ही बाजू आत घेतल्या. जे उरलं ते बाजेएवढं होतं. संध्याकाळी सलीमभाई आले. त्यांच्यासोबत खरंच सामान होतं. भंगारातून एका छोट्या कारची मागची एक्सल त्यांनी आणली होती, हलकी, एका माणसाने खांद्यावर घ्यावी अशी. कापलेल्या तुकड्यांकडे न बघता त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली.

मग मी नाना आणि अक्काला डोंगी घेऊन दुकानात बोलावून घेतलं. ट्रॉलीचं माप मी आजवर ट्रॅक्टरवरून घेत आले. या गाडीचं माप मला अक्काच्या अंगावरून घ्यायचं होतं, शिंपी घेतो तसं.

एक्सल कुठे बसवायची हा सगळ्यात मोठा प्रश्न असतो. फार मागे बसवली तर सगळा भार दांड्यावर येतो आणि ओढणारा वाकतो. फार पुढे बसवली तर दांडा वर उडतो. मी जमिनीवर एक लोखंडी पाइप आडवा ठेवला, त्याच्यावर सांगाडा ठेवला आणि सांगाड्यावर डोंगी. आत भिजलेलं जाळं टाकलं, कारण संध्याकाळी ते भिजलेलंच असतं. अक्काला म्हटलं, दांडा उचल. तिने उचलला आणि म्हणाली, जड. मी पाइप थोडा पुढे सरकवला. अजूनही जड. मग जास्तच पुढे गेला तेव्हा दांडा वर उडाला, म्हणून किंचित मागे घेतला. असं करत करत एका जागी अक्काने दांडा एका हाताने उचलला आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरचा पदर सारखा केला. मी तिथे खडूने रेघ मारली. दांड्याची उंची मी तिच्या कमरेवरून घेतली, जिथे ती पाण्याचा हंडा टेकवते. नाना बाजूला उभे होते. म्हणाले, माझं माप घेत नाहीस का भाभी? अक्का म्हणाली, तुम्ही पाण्यात असाल, तुमचं काय काम इथे. या सगळ्यात मी तिच्याशी खूप बोलले असं नंतर माझ्या लक्षात आलं.

राहिला प्रश्न पाण्यात सोडायचा. गाडी पाण्यात गेली की गाळात बसते, हे आम्ही बघितलं होतं. म्हणजे गाडी काठावरच थांबली पाहिजे आणि डोंगी एकटी पाण्यात गेली पाहिजे. याचं उत्तर सलीमभाईंनी काढलं, आणि ते आमच्याच धंद्यातलं होतं. मुरूम वाहायची ट्रॉली असते, तिचा तळ पुढून उचलतो आणि माल मागून ओततो. तसंच यात केलं. दांडा आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये एक बिजागरी दिली आणि पुढे एक जाड खिळा. खिळा काढला की सांगाडा मागे कलतो, मागचं टोक पाण्याला टेकतं, आणि चाकं काठावरच राहतात. डोंगी घसरावी म्हणून मागे आणि मधे रूळ लावले. ठिबकचं सामान विकणाऱ्या दुकानातून जळगावच्या जाड काळ्या पाइपचे तुकडे आणले आणि ते सळईवर ओवले. लोखंडी रुळांनी डोंगीचं बूड कापलं असतं, पाइपचे मऊ असतात. मूळ गाडीचे टायर रुंद होते, तेच ठेवले आणि त्यांतली हवा कमी केली, म्हणजे गाळात पाय पसरून चालतात. चरखी मूळचीच. तिच्यात डिझेल ओतून ती मोकळी केली आणि अक्काच्या हाताला येईल एवढी खाली घेतली.

या वेळी धरणावर जाताना आम्ही कुणाला सांगितलं नाही. सलीमभाईंनी सवयीने दोर काढला, मग माझ्याकडे बघून परत ठेवला आणि डोंगीच्या पुढच्या कडीत फक्त चरखीची दोरी अडकवली. नाना आणि अक्का गाडी ओढत निघाले. गाळातही ती चालली. काठावर गाडी वळवून तिची पाठ पाण्याकडे केली, अक्काने खिळा काढला, सांगाडा कलला, आणि डोंगी अशी हळूच पाण्यात गेली की नानांना तिला धरायला पळावं लागलं. नानांनी कडीतली दोरी काढली आणि डोंगीत बसून एक फेरी मारली. मग परत आले, तर अक्का काठावर चरखी धरून तयारच होती.

सुरुवातीला मला वाटलं, काम झालं. पण गाडी झाली म्हणजे रमेशचं समाधान झालं असं नव्हतं. त्याला आईबापाने फोनवर सांगितलं की आम्हाला आता जमतं, तर तो म्हणाला, येऊन बघतो.

तो आखाजीला आला. सकाळी बाजारात अक्काने मला सांगितलं की आज तू ये, आणि तिने हे असं सांगितलं की मला नाही म्हणता आलं नाही. सलीमभाई दुकानात गिऱ्हाइकांत अडकले होते, म्हणून मी रिक्षाने एकटीच गेले. धरणावर रमेश होता, तिशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्याने मला नमस्कार केला आणि सरळ विचारलं, भाभी, हे वय आहे का यांचं? तुम्ही त्यांना अजून पाण्यात पाठवायची सोय करून दिली. उद्या काही झालं तर मी सुरतहून कसा येऊ? मला आजही वाटतं की त्याचं चुकत नव्हतं. मी गाडी केली, पण नानांचं वय काही मी कापून कमी केलं नव्हतं.

मग त्याने एक केलं. डोंगी काठावर गाडीवर होती, तिच्यात तो जाऊन बसला. इस्त्रीच्या शर्टासकट. म्हणाला, आत मासे असतील, जाळं असेल, पावसाचं पाणी असेल. रिकामी कुणीही ओढेल. आणि आईला म्हणाला, “माय, आते वढी दखाड.”

नाना पुढे झाले. अक्काने त्यांना हाताने बाजूला केलं. तिने चरखीचा अडसर सोडला आणि खिळा काढला. डोंगी रमेशसकट घसरली आणि पाण्यात जाऊन तरंगत थोडी लांब गेली, दोरी सुटत गेली. तो कडेला दोन्ही हातांनी धरून बसला होता. भोयाचा मुलगा, पण पाण्यात बसून त्याला बरीच वर्षं झाली असावीत.

अक्का चरखीपाशी गेली. तिने पदर कमरेला खोचला आणि मूठ फिरवायला लागली. दोरी ताठ झाली. चरखीच्या दात्यांचा आवाज यायला लागला, एक एक. डोंगीचं तोंड काठाकडे वळलं. रुळाला टेकल्यावर ती अडली, आणि तेव्हा रमेश उठला, खाली उडी मारून ढकलायला.

अक्का म्हणाली, “उतरू नको. बठी ऱ्हाय.”

तो बसला. मला राहवलं नाही, मीही दोन पावलं पुढे गेले, पण अक्काने माझ्याकडे बघितलंच नाही. ती फिरवत होती, थांबत होती, श्वास घेत होती, परत फिरवत होती. चरखीला दाते असतात, त्यामुळे थांबलं तरी ओढलेलं मागे जात नाही. हे मी तिला दुकानात सांगितलं होतं. पहिल्या रुळावर डोंगी चढली, मग दुसऱ्या. तीस-बत्तीस वर्षांचा मुलगा डोंगीत मांडी घालून बसलेला, आणि आई त्याला पाण्यातून वर ओढून घेत होती. त्याने मान खाली घातली होती. सांगाडा धप्पकन सपाट झाला, अक्काने खिळा बसवला आणि मगच चरखीवरचा हात काढला. नंतर ती जमिनीवर बसली. नानांनी तिला पाणी दिलं.

रमेश उतरला तेव्हा त्याचे बूट कोरडे होते. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, पहिल्या दिवशी नानांनी मारली होती तशीच.

डोंगी विकली नाही. नाना आणि अक्का सुरतला गेले नाहीत. दोन दिवसांनी रमेश एकटाच बॅग घेऊन आमच्या दुकानासमोर बसची वाट बघत उभा होता. सलीमभाईंनी त्याला आत बोलावलं, चहा दिला आणि त्यांच्या सवयीप्रमाणे सुरतच्या कारखान्यापासून सगळं विचारलं. तो हो-नाही करत होता. मी मागे एका ट्रॉलीला रॉड लावत होते. थोड्या वेळाने तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला. मी काच खाली केली.

त्याने विचारलं, ती चरखीची दोरी तुटते का कधी?

मी म्हटलं, “उन्हाने कुजते. दरवर्षी पावसाळ्याआधी नवी लावावी लागेल.”

बस आली होती, कंडक्टर ओरडत होता. त्याने बॅग उचलली.

“दोरी मी आनसू,” तो म्हणाला. “दर आखाजीले.”